हायवे १०१ची ऑलिम्पिक फेरी: या चुका टाळा

सिएटलहून हायवे १०१ने ऑलिम्पिक द्वीपकल्पाला फेरी मारणारी आपली मंडळी दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका करतात. फेरी साधारण ३३० मैलांची. नकाशा ती एका दिवसात बसवून दाखवतो आणि घाई तिथूनच सुरू होते. होहचं रेनफॉरेस्ट, ला पुशचा किनारा, केप फ्लॅटरीचं टोक यांपैकी काहीच मुख्य रस्त्यावर नाही. नुसत्या होहसाठी १०१ सोडून १८ मैल आत जायचं आणि तेवढंच परत यायचं. निदान एक मुक्काम करा, फोर्क्सला किंवा क्लेलॉकला. आणि वाटभर समुद्र दिसेल ही अपेक्षा सोडा. १०१वरून खुला समुद्र दिसतो तो क्लेलॉक आणि रूबी बीचच्या दहाबारा मैलांच्या पट्ट्यात. बाकी बहुतेक जंगल.

सगळ्यात जिवावर बेतणारी चूक किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांची. पोरं त्यावर चढतात, मोठी माणसं त्यावर बसून डबा उघडतात. पाण्याने फुगलेला ओंडका काही टनांचा असतो, तरी भरतीचं वीतभर पाणी खाली शिरलं की तो तरंगतो, आणि पुढच्या लाटेला गडगडतो. त्याच्या आणि दुसऱ्या ओंडक्याच्या मध्ये सापडलेला पाय सुटत नाही. भरती चढत असेल तर ओंडक्यांच्या रांगेत थांबूच नका.

दुसरं त्याच्याच जोडीचं. रिअ‍ॅल्टो बीचवरून होल-इन-द-वॉल ही खडकातली कमान दीड मैल. लोक पाणी खाली गेलेलं बघून निघतात, फोटोंत तासभर घालवतात आणि परतताना समुद्रात घुसलेल्या टोकाशी पाणी खडकाला टेकलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "दोन लाटांच्या मध्ये पळू." अजिबात नाही. लाल-काळी गोल पाटी शोधा, तिथून टेकडीवरून पायवाट आहे. नाहीतर उंचावर थांबून पाणी उतरू द्या. तिथीला पाऊण तासाने गुणून भरती काढायची कोकणातली रीत इथे चालत नाही. दिवसात दोन ओहोट्या येतात, पण सारख्या नसतात; एक खूप खाली जाते, दुसरी जेमतेम. ला पुशचं भरतीचं वेळापत्रक घ्या, जास्त खालची ओहोटी निवडा, तिचं पाणी सगळ्यात खाली जायच्या दीड-दोन तास आधी निघा आणि ते तिथवर गेलं की परत फिरा.

आता लाकडाचे ट्रक. भरलेला ट्रक साधारण ८०,००० पौंडांचा, म्हणजे ३६ टन. वळणावर त्याचा मागचा ट्रेलर आतल्या बाजूला कापत येतो आणि मागे लोंबणारे शेंडे बाहेर झुकतात, म्हणून वळणावर त्याच्या बाजूला राहू नका. मागे ट्रक लागला की वेग वाढवण्यात शहाणपण नाही. उजवीकडे जागा दिसली की सिग्नल देऊन थांबा, त्याला जाऊ द्या. दोनपदरी रस्त्यावर पुढे जाणं धोक्याचं असेल आणि मागे पाच गाड्या साचल्या, तर हळू चालणाऱ्याने बाजूला होणं हा वॉशिंग्टन राज्याचा कायदाच आहे. मुख्य म्हणजे फोटोसाठी जंगलातल्या खडीच्या फाट्याच्या तोंडाशी गाडी लावू नका; ट्रक तिथूनच बाहेर पडतात, पहाटेपासून.

जीपीएसने दाखवलेला जंगलातला 'शॉर्टकट' घेऊ नका.

दिवसाही हेडलाइट लावा.

पेट्रोल अ‍ॅबरडीन-होक्वियमला आणि फोर्क्सला भरा. मधले शंभरेक मैल भरवशाचे नाहीत.

क्लेलॉकला मोबाइलला रेंज नसते. नकाशा आणि भरतीचं वेळापत्रक आधीच डाउनलोड करा.

केप फ्लॅटरी मकाह या आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. निया बे गावात त्यांचा वेगळा पास मिळतो.

होहला सकाळी लवकर पोचा, पार्किंग भरलं की फाटकावर एक गाडी बाहेर तेव्हा एक आत. डिसेंबर २०२४च्या वादळात अप्पर होह रोडचा तुकडा नदीने नेला होता, तो मे २०२५मध्ये उघडला. निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघायची ती यासाठी.