हल्ल्यातून वाचलेल्या बदकाला सावरताना

कुत्र्यामांजराच्या तोंडून बदक सुटलं की आपलं लक्ष आधी रक्ताकडे जातं. रक्त थांबवायलाच हवं. स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा आणि पाच मिनिटं तरी ते उचलून बघू नका. पण बदकं दगावतात ती बऱ्याचदा धसक्याने, नाहीतर पिसांखाली लपलेल्या दाताच्या भोकामुळे. माझी सगळी धडपड या दोन गोष्टींसाठी असते.

हातमोजे घाला. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, पोटाखाली हात घालून बदक उचला. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. मग टॉवेल अंथरलेल्या खोक्यात, अंधारात, गडबडीपासून लांब ठेवा. आत 28 ते 30 अंशांची ऊब पुरे. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर बदकाला सरकता येतं. चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून लांब धरत असेल, तर ऊब जास्त झाली समजा. रक्त थांबलं असेल तर पहिला तासभर त्याला हात लावू नका. मुलांनाही बघायला आणू नका, कितीही रडली तरी.

पाणी चोचीत ओतायचं नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीचं टोक पाण्यात बुडवा, प्यायचं असेल तर ते स्वतः पितं.

थोडं सावरलं की तपासणी. इथे घाई केली की जखम हमखास सुटते. माझ्या पांढऱ्या मादीला कुत्र्याने पाठीवरून धरलं होतं. वरवर बघितलं तर थोडी पिसं विस्कटलेली, बाकी काही नाही. ओल्या बोटाने पिसं उलटी सारत गेले तेव्हा डाव्या पंखाच्या मुळाशी 2 मिलिमीटरचंही नसेल असं भोक सापडलं. भोवतीची कातडी निळी-जांभळी पडली होती आणि दाबल्यावर खालून बारीक करकर लागत होती. कातडीखाली हवा शिरली होती, म्हणजे पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एक फाटली होती. अशा भोकात पाणी मारलं तर ते थेट श्वसनमार्गात जाऊ शकतं. कडा पुसा आणि तडक पशुवैद्याकडे न्या. पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी, मानेला, मांडीच्या आतल्या बाजूला, सगळीकडे असंच बघा.

मांजराचा दात लागला असेल तर जखम किती छोटी आहे ते बघत बसू नका. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि ते पक्ष्याला फार लवकर मारतात. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

उघड्या, उथळ जखमा धुवायला एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. बिनसुईच्या सिरिंजने हलकी धार सोडा. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. तुपकट मलमांचा थर नको, पिसं चिकटतात आणि पाणी अडवेनाशी होतात. खोल भोक वरून चिकटवून बंद करू नका. पक्ष्यांचा पू वाहून जात नाही, घट्ट गोळा होऊन आतच बसतो. हाताला गाठ लागली की पुन्हा डॉक्टर.

माशांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. जखमेवर अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. बदक घरात किंवा बारीक जाळीखाली ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ जखम बघा.

जखम भरेपर्यंत पोहणं बंद. तरी पिण्याचं भांडं एवढं खोल हवं की नाकपुड्या आणि डोळे बुडवून धुता येतील. फारच अशक्त बदकाला मात्र उथळ भांडं द्या; मान टाकली तर पाण्यात नाक बुडेल. खाणं भिजवून मऊ द्या, वर थोडं ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते). त्यातलं नायसिन हे ब-जीवनसत्त्व बदकांना कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं. विष्ठा अगदी थोडी आणि हिरवी पडत असेल तर पोटात काही जात नाहीये.

एकटं बदक खंगतं. जाळीपलीकडे त्याची जोडीदारीण दिसू द्या. नराला मात्र जखमी मादीवर चढू देऊ नका, पाठीची जखम पुन्हा फाटते. ज्यांना चावा बसला नाही ती बदकंही तपासा. काही दिवस ती कोपरा सोडणार नाहीत, अंडी बंद होतील, ते चालतं. औषध चालू असलेल्या मादीची अंडी डॉक्टर सांगेपर्यंत खाऊ नका.

शिकारी परत येतो, बहुतेक त्याच रात्री. षटकोनी कोंबडीजाळी बदकांना आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड-दोन फूट पसरून वर दगड ठेवा, म्हणजे खालून उकरता येणार नाही.