नववी-दहावीचा अभ्यास लाकडाच्या पेटीतून आणि कुंडीतल्या मातीतून शिकवायचा असेल तर

सगळ्यात आधी हे, की वस्तू खरी पाहिजे, घरात रोज वापरली जाणारी, थर्माकोलचं प्रोजेक्ट नको. आणि पुस्तक नंतर उघडायचं. पोरगं कुठेतरी अडतं, माप जुळत नाही, रोप पिवळं पडतं, तेव्हा त्याला स्वतःलाच धडा हवा असतो, तेव्हा द्या. करवत हातात असताना मध्येच "हे बघ, इथे पायथागोरस आहे" सुरू केलं की करवतही बाजूला आणि गणितही.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये जागा किती असते माहितीये, म्हणून मी एकच वस्तू सुचवते. बाल्कनीत ठेवायची लाकडी पेटी, जिच्यात नंतर भाजी लावायची. बाहेरून लांबी ७० सेमी, रुंदी २४ सेमी, आतून खोली २० सेमी, फळी २ सेमी जाडीची. ही मापं मुद्दाम निवडलीत, कारण पुढे कळेल.

लाकूड नवीन नको, पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन मस्त चालतं, भंगारवाल्याकडे मिळतं, नाहीतर रे रोडच्या वखारी आहेतच, आणि हत्यारं बघायला नागदेवी स्ट्रीटला मुलाला सोबत घेऊन जा. एक करवत, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), हातोडी, हॅन्ड ड्रिल, पॉलिश पेपर आणि डोळ्यांना चष्मा एवढं पुरतं, इलेक्ट्रिक कटर अजिबात देऊ नका. परदेशातून आलेल्या पेटीवरचा शिक्का मुलाला वाचायला लावा. एचटी लिहिलं असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायू वापरलाय, विषारी आहे, भाजीच्या पेटीला ते लाकूड नको. हाच वायू ओझोनचा थर बिघडवतो म्हणून मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर बंधनं आली, पर्यावरणाचा धडा तिथेच निघतो.

बिल्डिंगमध्ये कोणाकडे सुतारकाम चालू असेल तर मिस्त्रींना विचारून मुलाला तासभर तिथे बसू द्या. मिस्त्री "तीन इंच पाच सूत" म्हणतात. ८ सूत म्हणजे १ इंच, मग तीन इंच पाच सूत किती सेमी झाले? साधारण ९.२. अपूर्णांकाला घाबरणारी मुलं हे हिशोब फटाफट करायला लागतात कारण चुकलं तर फळी वाया जाते.

कापायच्या आधी फक्त एवढंच विचारा, चारही बाजूंच्या फळ्या किती लांबीच्या? बहुतेक मुलं म्हणतात दोन ७० च्या आणि दोन २४ च्या. तुम्ही काही बोलू नका, आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून जाडीसकट मांडायला लावा. लांब फळ्यांची जाडी दोन्ही बाजूंनी २-२ सेमी खाते, त्यामुळे आडव्या फळ्या २० च्याच लागतात, आणि "आतली रुंदी = बाहेरची रुंदी − २ × जाडी" हे समीकरण तो स्वतः लिहितो. शिवाय करवत स्वतः दीड-दोन मिमी लाकूड खाते, ते प्रत्येक कापाला धरावं लागतं.

पेटी जोडली की दोन्ही कर्ण मोजायचे. एक ७४.६ आणि दुसरा ७३.४ आला तर पेटी तिरकी आहे, लांब कर्णाचे कोपरे आत दाबायचे, दोन्ही सारखे होईपर्यंत. आता विचारा, किती यायला हवा होता? ७० चा वर्ग ४९००, २४ चा ५७६, बेरीज ५४७६, वर्गमूळ बरोब्बर ७४. टेपवर पण ७४. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं मूल प्रमेय विसरत नाही, माझा तरी यावर पूर्ण विश्वास आहे. तळाला पाणी जायला भोकं पाडा आणि आतून जाड प्लॅस्टिक लावा, त्यालाही भोकं.

माती भरायच्या आधी वजन काढायला लावाच. आतून ६६ × २० × २०, म्हणजे २६.४ लिटर. किचनच्या काट्यावर १ लिटर ओलं मिश्रण मोजा, समजा सव्वा किलो भरलं तर पेटीत ३३ किलो माती, लाकूड वेगळं. म्हणून पेटी ग्रिलबाहेर लटकवायची नाही, जमिनीवरच ठेवायची, खालून कोणीतरी चालत असतं. घनता हा शब्द त्यानंतर सांगा.

जीवशास्त्र तर लाकडात आणि मातीत दोन्हीकडे एकच आहे, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. फळीतल्या ज्या रेघांच्या बाजूने लाकूड सहज चिरतं त्या एकेकाळी झाडाच्या जलवाहिन्या होत्या. पांढरी शेवंती लाल शाईच्या पाण्यात ठेवा, पाकळ्यांत रंग चढताना दिसतो, तेच काम. तीच फळी मे महिन्यात आणि परत जुलैमध्ये मोजा, रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही, पावसाळ्यात आपले दरवाजे का अडकतात ते समजतं. व्हर्निअर (मिलिमीटरहून बारीक मोजायचं साधन) वापरायची याहून चांगली संधी नाही. पेटीत चवळी लावली तर महिना-दीड महिन्याने एक रोप मुळासकट उपटा, मुळांवरच्या गाठी कापून बघा, आतून गुलाबी असतील तर रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतायत. थंडीत मेथी, १०० दाणे भिजवलेले आणि १०० न भिजवलेले, रोज किती उगवले ते लिहायचं, टक्केवारी आणि आलेख आपोआप.

ऊन येत नाही ही मुंबईची कायमची तक्रार, तिचाही भूगोल होतो. गच्चीत १ मीटरची काठी उभी करा, भर दुपारची सर्वात आखूड सावली मोजा. २२ डिसेंबरला ९२ सेमीच्या आसपास, २१ मार्चला ३४-३५, मेच्या मध्यावर जवळपास शून्य. आपण १९ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि दक्षिणेची बाल्कनी उन्हाशिवाय राहते, थंडीत मात्र ऊन खोलीत येतं. त्रिकोणमितीतलं टॅनचं (tan) कोष्टक इथे उघडा. आणि सावली सर्वात आखूड १२ ला होत नाही, साडेबारा ते पाऊणच्या आसपास होते, कारण देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि आपण ७२.८ वर, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३९ मिनिटांचा फरक. १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत पुढे कित्येक वर्षं वेगळा बॉम्बे टाइम चालायचा, तो हाच ३९ मिनिटांचा.

सगळं यात कोंबू नका. व्याकरण, सनावळ्या, वर्गसमीकरणं यांना पेटीत ओढून आणलं की मुलाचा मूडही जातो आणि विषयही, ते सरळ टेबलावर बसूनच करा. बोर्डाच्या पेपरात पायऱ्या लिहाव्या लागतात, म्हणून एक वही ठेवा, डाव्या पानावर काम आणि मोजमाप, उजव्या पानावर त्याच प्रकरणातली पुस्तकातली दोन-तीन उदाहरणं, आठवड्यातून एकदा, कामाच्या दुसऱ्या दिवशी. आणि दुपारी २ ते ४ ठोकाठोक नको, शेजारच्या आजी झोपतात, त्या वेळात वही भरा.