मित्राचा गेमिंग पीसी: पार्टची यादी कशी काढावी

कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणाऱ्या माणसाच्या वाट्याला मित्रमंडळींत एक काम हमखास येतं: "गेमिंग पीसी घ्यायचाय, पार्ट तू काढून दे." यादी काढायला मजा येते आणि धोकाही तिथेच असतो, कारण पैसे मित्राचे असतात आणि हौस आपली. रंगीत दिव्यांचे पंखे, काचेचं कॅबिनेट, वॉटर कूलर यांत बजेटचा मोठा तुकडा निघून जातो आणि गेम सुरू केला की चित्र अडखळतं. म्हणून यादीला बसण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा.

पायरी १ : आधी चौकशी

पहिला प्रश्न गेमचा. "सगळेच खेळतो" या उत्तरावर थांबू नका. गेल्या महिन्यात काय खेळलास, ते विचारा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला सेकंदाला भरपूर फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) हव्या असतात आणि तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये बहुतेक भार ग्राफिक कार्डावर येतो. काही गेमच्या अटीही असतात. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (बोर्ड किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर खरं आहे का ते तपासणारी सोय) चालू लागतं. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा २०२४ चा गेम रे ट्रेसिंग (प्रकाश-सावलीचा खऱ्यासारखा हिशोब) न जमणाऱ्या कार्डावर नीट चालवायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे कोणाकडून स्वस्तात मिळालेलं जीटीएक्स १६६० तिथे कामाचं नाही.

दुसरा प्रश्न: सांगितलेल्या आकड्यात काय काय धरलंय? मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, विंडोजचं लायसन्स आणि यूपीएस हे सगळं त्यातच बसवायचं असेल, तर डब्यासाठी, म्हणजे कॅबिनेट आणि त्यातल्या पार्टसाठी, उरणारी रक्कम बरीच कमी होते. तिसरा: राउटर कुठे आहे? दुसऱ्या खोलीत असेल तर वायफाय असलेला मदरबोर्ड घ्या. स्वस्त बोर्डांत ते बहुधा नसतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. चौथा: जुन्या पीसीतलं काय वापरायचंय? हार्ड डिस्क, कीबोर्ड, कॅबिनेट चालेल. जुना एसएमपीएस (पार्टना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) शक्यतो नको.

पायरी २ : मॉनिटरपासून मागे या

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, पडद्यापासून करा. १०८० पी म्हणजे सुमारे २० लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे सुमारे ३७ लाख आणि फोर के म्हणजे जवळजवळ ८३ लाख. दर फ्रेमला तेवढे ठिपके रंगवायचं काम कार्डाचं. शिवाय ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. मागे कितीही भारी कार्ड बसवा, डोळ्यांना त्याहून जास्त दिसणार नाही. मित्राकडे असा जुना मॉनिटर असेल आणि तो तोच ठेवणार असेल, तर महागडं कार्ड सुचवू नका. त्यातले पैसे वळवून १४४ किंवा १६५ हर्ट्झचा १०८० पी मॉनिटर घ्यायला लावा. पहिल्याच दिवशी फरक कळेल.

पायरी ३ : ग्राफिक कार्ड

एकट्या डब्याच्या खर्चाचा साधारण ३५ ते ४५ टक्के वाटा इथे जाऊ द्या. फक्त व्हॅलोरंट असेल तर कमी, सायबरपंक असेल तर जास्त. १०८० पी साठी आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी या थरातली कार्डं पुरेशी होतात. कार्डावरची मेमरी मात्र नीट बघा. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात, नाव तेच. कोटेशनमध्ये नुसतं नाव लिहिलेलं असेल तर जीबी लिहून घ्या. आजही काही नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) पूर्ण वाढवलं की ८ जीबी कमी पडते. मित्र दोनतीन वर्षांत कार्ड बदलणारा असेल तर ८ जीबी चालेल. एकदा घेतलं की पाच वर्षं हात न लावणारा असेल, आणि बहुतेक मित्र तसेच असतात, तर दुसरीकडे काटकसर करून १६ जीबीच घ्या.

तीन पंख्यांचं आणि दोन पंख्यांचं मॉडेल यांत वेगाचा फरक नाममात्र असतो, किमतीचा बराच. या थरात दोन पंखे पुरतात.

पायरी ४ : प्रोसेसर आणि बोर्ड, एकत्रच

हे दोन वेगवेगळे निवडता येत नाहीत, कारण सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळावं लागतं. एएमडीचं २०२२ पासूनचं सॉकेट एएम५, त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. आधीचं एएम४, त्यावर डीडीआर४. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं सॉकेट एलजीए १७००. त्यात काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, पण एकच बोर्ड दोन्ही सहसा घेत नाही.

नवा पीसी असेल तर माझा कौल एएम५ ला. रायझन ५ ७६०० किंवा त्याच्या आसपासचा प्रोसेसर आणि साधा बी६५० बोर्ड घेतला, की पुढे बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येतो. ७६०० सोबत कूलर प्रोसेसरच्या खोक्यातच येतो, ७६०० एक्स सोबत येत नाही. किमती ताडून बघताना हे विसरलं जातं. एक्स३डी नावाचे प्रोसेसर गेमसाठी खरोखर वेगवान आहेत, पण १०८० पी वर मध्यम कार्डाबरोबर त्यांचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः जास्त फ्रेमच्या स्पर्धात्मक खेळांत.

इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५ १२४०० एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. कार्ड दुरुस्तीला गेलं की पडदा काळाच. 'के' असलेल्या प्रोसेसरसाठी जास्त पैसे देऊन तो बी७६० बोर्डावर बसवणंही व्यर्थ, त्या बोर्डाच्या चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही.

पायरी ५ : रॅम आणि एसएसडी

रॅम दोन पट्ट्यांत घ्या. एका १६ जीबीच्या पट्टीपेक्षा ८ च्या दोन बऱ्या, कारण मेमरीचे दोन्ही मार्ग वापरले जातात. बजेट असेल तर १६ च्या दोन. रायझनच्या या पिढीला डीडीआर५ चा ६००० वेग मानवतो. त्यापुढच्या वेगासाठी जादा पैसे मोजू नका. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे मागच्या वर्षीच्या यादीतला आकडा तसाच उचलू नका. भाव फारच अंगावर येत असेल आणि मित्राकडे जुनी डीडीआर४ पडून असेल, तर एएम४ वरचा रायझन ५ ५६०० अजूनही शहाणपणाचा पर्याय आहे.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान जात), १ टीबी. काही गेम एकटेच शंभर जीबीच्या वर जागा खातात, ५०० जीबी महिन्याभरात भरते. जेन ४ (चौथ्या पिढीची) साधी पुरे.

पायरी ६ : एसएमपीएस

इथेच सगळ्यात जास्त कात्री लागते आणि इथेच ती लावू नये. दुकानदार कॅबिनेटसोबत एसएमपीएस 'फ्री' देत असेल तर हात जोडून नको म्हणा.

हिशोब सोपा आहे. ७६०० प्रोसेसर भर कामात ९० वॅटच्या आत राहतो, आरटीएक्स ५०६० ची मर्यादा १४५ वॅट. बोर्ड, पंखे, एसएसडी धरून सगळं मिळून ३०० च्या आसपास. मग ५५० किंवा ६५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस भरपूर झाला. ८५० ची गरज नाही. एसएमपीएसच्या खोक्यावरचं '८० प्लस ब्राँझ' किंवा 'गोल्ड' हे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पार्टपर्यंत पोचते एवढंच सांगतं. आतला माल, ओव्हरलोडचं संरक्षण यांबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची उघडून केलेली परीक्षणं वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहा. पाच वर्षांच्या खाली जाऊ नका. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला कधीच लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असू शकते आणि मग पार्ट जळतात.

लाइट जाणाऱ्या भागात यूपीएस लागतोच. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे गेम चालू असताना काठावरच. १००० व्हीए घ्या. आणि मित्राच्या घरी प्लगला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा तिथेच असतो.

पायरी ७ : कॅबिनेट

पुढे जाळी असलेलं. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये जुळते का ते पाहा. बस्स.

पायरी ८ : खरेदी

यादी तयार झाली की ऑनलाइन भाव लिहून ठेवा आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीला दोनतीन दुकानांत तीच यादी दाखवा. "साहेब, हा पार्ट नाहीये, त्याच्यासारखाच देतो" हे वाक्य ऐकू येईल. 'सारखाच' म्हणजे कोणता, ते पूर्ण मॉडेल नंबरासह लिहून मागा. कच्च्या बिलावर थोडे पैसे सुटतात, पण वॉरंटीच्या वेळी पक्कं जीएसटी बिलच विचारलं जातं. बिल मित्राच्या नावाने, त्यावर सिरियल नंबर. परदेशातून कोणी आणून देणार असेल तर त्या पार्टची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारा.

पायरी ९ : जोडल्यावर

बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता ग्राफिक कार्डाला. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० ने धावत राहते. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडा. ते आपोआप होईलच असं नाही, आणि मित्र महिनोन्महिने ६० वर खेळत राहू शकतो.