देवनागरी टायपोग्राफीत यायचंय? मग आधी डोळा बसवा

देवनागरी फॉन्ट, लेटरिंग (म्हणजे एखाद्या शब्दाची खास अक्षरं काढणं), टाइप डिझाइन यात काम करायचंय म्हणणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो, कुठलं शिकू, मॅक घ्यावाच लागेल का वगैरे. तर त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. फॉन्ट करायच्या सॉफ्टवेअरपैकी ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतं, फॉन्टलॅब मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालतं आणि फॉन्टफोर्ज फुकट आहे, शिकण्यापुरतं भरपूर होतं. सॉफ्टवेअर माणूस काही महिन्यांत शिकतोच, व्हिडिओ आहेत, ट्युटोरियल्स आहेत. पण अक्षर बघायचा डोळा मात्र विकत मिळत नाही, आणि मराठी वाचत वाढलेल्या पोरापोरींकडे तो अर्धा तयार असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी डीटीपीतून या कामात आले, पुस्तकांची पानं लावता लावता अक्षरांच्या नादाला लागले, त्यामुळे मी जे सांगतेय ते त्या बाजूने आहे. आर्ट स्कूलमधून आलेला माणूस कदाचित वेगळं सांगेल.

सुरुवात ल आणि श पासून करा. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभी दांडी असते, आपल्या ल ला दांडी नाही, दोन पाकळ्या आहेत. श चंही तसंच, आपला श देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात वर्णमाला आणि लिपीचं प्रमाणीकरण केलं त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच म्हटलंय. पण तुम्ही मोबाइलवर, वेबसाइटवर, दुकानाच्या फ्लेक्सवर बघा, निम्म्या ठिकाणी हिंदी वळणाचा ल बसलेला दिसेल. कारण बऱ्याच फॉन्टमध्ये डीफॉल्ट आकार हिंदीचा असतो आणि मराठी आकार आत लपलेला असतो, मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तरच तो बाहेर येतो, आणि ते सांगायचं असतं हेच पानं लावणाऱ्याला माहीत नसतं. काही फॉन्टमध्ये तर तो आकार काढलेलाच नसतो. टिरो टाइपवर्क्स या फॉन्ट करणाऱ्या कंपनीने देवनागरीचा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत असा तीन वेगवेगळ्या नावांनी दिलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, तो उतरवून घ्या आणि एकच परिच्छेद तिन्हीत लावून शेजारी शेजारी ठेवा. माझ्या मते नवख्या माणसाने करायची सगळ्यात पहिली एक्सरसाइज हीच.

दुसरी गोष्ट ऱ्य. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन शब्द घ्या, एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी, आणि फरक सगळा त्या र च्या रूपात आहे. एकात तो रफार होऊन वर जातो, दुसऱ्यात य च्या आधी आडव्या छोट्या वळणासारखा बसतो. हिंदीला हे रूप लागत नाही. त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या डिझाइनरने केलेल्या फॉन्टमध्ये ऱ्य, ऱ्ह ही जागा हमखास कच्ची राहते, कधी वळण फार बारीक, कधी य ला चिकटत नाही, मध्ये फट दिसते. फॉन्ट टेस्ट करायला बसलात की दऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हे शब्द टाइप करून बघा, पाच मिनिटांत फॉन्ट करणाऱ्याने मराठी किती मनावर घेतलंय ते कळतं. तसंच ॲ. बॅट, कॅम्प ठीक असतं पण शब्दाच्या सुरुवातीचा ॲ, म्हणजे ॲप, ॲसिड, हा युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक कोड-यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याची सोयच नव्हती आणि लोक काहीबाही जोडून काम भागवायचे. मोठ्या कंपन्यांना ही असली टेस्टिंगची कामं करणारी माणसं हवी असतात, हे काम कुठे शिकवत नाहीत, पण ते तुम्हाला आत्ता, आजपासून जमू शकतं.

आता चित्र काढायचं. देवनागरीत आधी सगळी बाराखडी काढायला बसू नका, आकारांची कुटुंबं करा. व काढला की ब आणि क चं पोट हातात आलं. प काढला की ष आणि फ. ट जमला की ठ, ढ, द कडे जाता येतं. म, भ, ग, न यांच्या गाठी एका घरच्या दिसल्या पाहिजेत, एकीची गाठ गोल आणि दुसरीची चपटी झाली की पान डागाळल्यासारखं दिसतं, का ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही पण खटकतं. आणि बोरूने लिहा, खरंच लिहा, निदान सुरुवातीचे काही महिने. देवनागरीचा बोरू रोमन अक्षरांच्या कटनिबच्या उलट्या कोनात कापलेला असतो, त्यामुळे जाड कुठे आणि बारीक कुठे याचं गणितच वेगळं पडतं. ज्यांनी हातात बोरू धरलेला नाही ते इंग्रजी फॉन्टची जाडी-बारीकी उचलून देवनागरीवर चढवतात, आणि अक्षर वाचता येतं पण आपलं वाटत नाही.

एक जागा मात्र जवळून दाखवते, कारण यातच मजा आहे. ऱ्हस्व वेलांटी. कि लिहिताना वेलांटीची कमान क च्या दांडीपर्यंत पोचायला हवी. रि मध्ये अंतर कमी, स्थि मध्ये बरंच जास्त. म्हणजे एकच वेलांटी सगळीकडे चालत नाही, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या काढाव्या लागतात आणि पुढचं अक्षर बघून योग्य ती आपोआप बसावी यासाठी फॉन्टमध्ये नियम लिहावे लागतात. मग त्या वेलांटीवर अनुस्वार आला, रफार आला, दोन्ही आले, तर त्यांनी एकमेकांना न धडकता कुठे बसायचं तेही ठरवायचं. धर्मीं असा शब्द जुन्या कवितेत येतो, तिथे दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही म च्या डोक्यावर असतात. हे सगळं जमून आलं की अक्षरश: काही दिसत नाही, वाचणारा सरळ वाचत जातो. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. साध्या देवनागरी फॉन्टलाही ६००-७०० ग्लिफ्स, म्हणजे सुटे आकार, सहज लागतात, जोडाक्षरं मनापासून केली तर हजाराच्या पुढे जातं, त्यामुळे धीर लागतो, महिना दोन महिन्यांत फॉन्ट करून टाकतो म्हणणाऱ्यांनी आधी एका शब्दाचं लेटरिंग पूर्ण करावं.

चिन्हांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. आपण जी विरामचिन्हं वापरतो, पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, ती इंग्रजीच्या वळणाने मराठीत आली, मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर मराठीत छोटं पुस्तक काढलं होतं. हिंदीने गद्यात दंड ठेवला, मराठीने ठिपका घेतला, आणि दंड आपल्याकडे अभंग, ओवी, आरतीत राहिला. पण त्याच्या आधीची आपली चिन्हं बघा ना! पोथीच्या शेवटी ॥ छ ॥ असायचं, मजकूर संपला म्हणून. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीला मर्यादेयं विराजते ही छोटी मुद्रा उमटवायचे, म्हणजे पत्राची मर्यादा इथपर्यंत, त्याखाली कुणी आपल्या मनाचं काही घुसडू नये. पूर्णविरामाचं इतकं देखणं आणि इतकं कामाचं रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हिशेबाच्या वहीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, म्हणून ३॥ म्हणजे साडेतीन, आणि तीच दुहेरी रेघ श्लोकाच्या शेवटी आली की ओळ संपली. आकार सारखा, काम वेगळं. अवग्रह संस्कृतात लोप पावलेला अ दाखवतो आणि मराठी कथेत आई लांबून हाक मारते तेव्हा बाळाऽऽ असा येतो. हस्तलिखितात राहून गेलेलं अक्षर कुठे घालायचं ते दाखवायला काकपद, ओळीच्या शेवटी उरलेली जागा भरायला वेगळं चिन्ह, अध्याय संपला की फुलासारखी पुष्पिका. या तिन्हींना २००९ च्या युनिकोड ५.२ मध्ये जागा मिळाली, देवनागरी एक्स्टेंडेड नावाच्या विभागात. कोड आहे, पण ती काढलेले फॉन्ट मोजकेच. मोडीचंही तेच, २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, गूगलच्या नोटो मालिकेतला एक फॉन्ट आहे, पण पेशवाई दप्तरातल्या वळणदार हातांची विविधता पकडणारं काम अजून खूप शिल्लक आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, दोन शब्दांत जागा नाही, हे फॉन्टमध्ये कसं आणायचं हा खरोखर अवघड आणि सुंदर प्रश्न आहे, कुणीतरी घ्यावा.

थोडा इतिहास वाचाच, कारण मुंबई हे या कामाचं घर आहे. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना, आणि त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे पंच (छपाईचे धातूचे खिळे ओतायच्या साच्यांसाठी पोलादात कोरलेली अक्षरं) कापले त्या वळणावर पुढच्या कित्येक पिढ्या वाचत मोठ्या झाल्या. लोकमान्य टिळकांनीही देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली होती. किर्लोस्कर मासिकाचे जुने अंक मिळाले तर त्यात इ च्या जागी अि छापलेलं दिसेल, ती सावरकरांच्या लिपीसुधारणेची खूण, तीही खिळे कमी करण्याच्याच विचारातून. कॉम्प्युटरच्या काळात र. कृ. जोशी, कवी आणि सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे, विंडोजमधला मंगल हा फॉन्ट त्यांचा. नाटकाच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं बघा, नाटकाचा स्वभाव नावातच दिसायचा. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांत केलेलं काम भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये छापलं, मोठ्या लायब्ररीत मिळालं तर बसून चाळा, चित्रं तरी बघा.

शिक्षणाचं म्हणाल तर मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला, पुण्यात अभिनव कला, पुढे एम.डेस., म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी आयडीसी, त्याला सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. रुपयाचं चिन्ह ₹ करणारे उदय कुमार तिथलेच, २०१० साली ते स्वीकारलं गेलं. परदेशात इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात टाइपफेस डिझाइनचा खास एम. ए. आहे, खर्चिक आहे, स्कॉलरशिप बघूनच विचार करा. पण डिग्री नसेल तर दार बंद आहे असं अजिबात नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाने मुक्त, बालू, मोदक असे फॉन्ट ओपन सोर्स दिलेत, त्यांच्या सोर्स फाइल्स उतरवून उघडा. नोड, म्हणजे आकाराच्या रेषेवरचा बिंदू, कुठे ठेवलाय, शिरोरेघा शेजारच्या अक्षरावर किती चढवलीय, म्हणजे जोडात बारीक फट दिसू नये म्हणून, जोडाक्षरांची नावं कशी दिलीत, सगळं उघडं आहे. जैनी हा फॉन्ट तर कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या १५०३ च्या हस्तलिखितावरून केलाय, तो मूळ पानाच्या फोटोशेजारी ठेवून बघितलात तर लिहिलेल्या अक्षराचा फॉन्ट होताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते कुठल्याही लेक्चरपेक्षा चांगलं समजतं. आणि यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलेला. तुमच्या गावातल्या एसटी स्टँडवरच्या, पिठाच्या गिरणीवरच्या, ट्रकवरच्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा, पेंटर हयात असेल तर त्याच्याशी बोला, ब्रश कसा धरतो ते विचारा, फ्लेक्समुळे हे हात झपाट्याने कमी होतायत.

पोटापाण्याचं स्पष्ट बोलते. फक्त फॉन्ट विकून घर चालवणं सुरुवातीला फार अवघड, मराठी फॉन्ट पैसे देऊन घ्यायची सवय अजून कमी आहे. चालतं ते काय, तर लेटरिंगची कामं, पुस्तकांची मुखपृष्ठं, सिनेमा-नाटकांची टायटल्स, पॅकेजिंगवरचं मराठी, ब्रँडच्या इंग्रजी लोगोला जोड म्हणून मराठी लोगो, एखाद्या पेपरसाठी किंवा ॲपसाठी कस्टम फॉन्ट. आणि एक बाजू जिकडे नवीन लोक बघतच नाहीत, फॉन्ट इंजिनिअरिंग. नियम लिहायचे, टेस्ट करायचं, थोडं पायथन. ज्याला कोडिंग आवडतं आणि मराठी नीट येतं अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यामुळे काम शोधत फिरावं लागत नाही. पुस्तकांची पानं लावण्याचं कामही कमी लेखू नका. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावावी लागते, दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, आणि श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फॉन्ट-पद्धतीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना ऱ्य आणि रफार डोळ्यांनीच तपासावे लागतात. हे जमणारा माणूस प्रकाशकाला सोन्यासारखा.

पोर्टफोलिओत वीस अर्धवट फॉन्ट नकोत. एक शब्द, नीट केलेला, त्याची बोरूची कच्ची पानं, मधले टप्पे आणि शेवटचा आकार एवढं दाखवा, शक्यतो ज्यात ल, श, ऱ्य यातलं काहीतरी आहे असा शब्द घ्या. मग ते ज्यांचं काम आवडतं त्यांना पाठवून नेमका प्रश्न विचारा, कसं वाटलं असं विचारलंत तर छान एवढंच उत्तर येतं, पण र चं वळण य ला कुठे टेकवू असं विचारलंत तर लोक कागदावर काढून फोटो पाठवतात, मला तरी असाच अनुभव आलाय. आणि पहिलं कस्टम काम मिळालं की फाइल देण्याआधी लायसन्स कुणाकडे राहणार, किती कॉम्प्युटरवर चालणार, वेबवर चालणार का, पुढे अक्षरं वाढवायची झाली तर पैसे वेगळे का, हे ईमेलवर लिहून घ्या, ॲडव्हान्स घेऊनच कामाला बसा.