कॉफीतली साखर काढा, चॉकलेट तोंडात धरा

आमच्याकडे लहानपणी कॉफी म्हणजे जायफळवाली. कोणी पाहुणे आले, किंवा दहावी-बारावीचं पोरगं रात्री अभ्यासाला बसलं की आई दूध तापवून त्यात इन्स्टंट पावडर, भरपूर साखर आणि वरून जायफळ किसून टाकायची. जागं राहायला कॉफी आणि त्यातच झोप यावी म्हणून जे बाळाला उगाळून देतात ते जायफळ, हे लॉजिक मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण लागायची मात्र भारी. मग कॉलेजात फेटलेली कॉफी आली, म्हणजे कपात पावडर, साखर आणि दोन थेंब पाणी घालून चमच्याने घोटत बसायचं, पंधरा मिनिटांनी ते बिस्किटाच्या रंगाचं झालं की वर दूध ओतायचं. आणि मग नोकरी लागली आणि ऑफिसातलं मशीन आलं, ज्यात साखर आधीच मिसळलेली असते आणि तुम्हाला कोणी विचारतही नाही.

एकदा सहज हिशोब केला. दिवसाला तीन कप, कपात दोन चमचे, म्हणजे सहा चमचे, सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी २४ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली तिच्यातला कडक आकडा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅमच आहे. म्हणजे माझा कोटा कॉफीतच संपला, चहा, सॉस, बिस्किटं, रविवारचं श्रीखंड अजून धरलंच नाही.

साखर एकदम बंद करून बघितली, चार दिवस टिकलो. मग जे जमलं ते सांगतो, गेली तीनेक वर्षं चालू आहे. कॉफी पूर्ण बिनसाखरेची आणि सोबत ७० टक्केवाल्या डार्क चॉकलेटचे दोन छोटे तुकडे. ७० टक्के म्हणजे त्यात कोकोचा भाग (कोको आणि कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, मिळून) ७०, उरलेली ३० जवळजवळ सगळी साखर. दोन तुकडे म्हणजे १० ग्रॅम धरा, त्यात साखर आली ३ ग्रॅम. एक चमचाही नाही! आणि तोंडाला गोड लागतं दोन चमच्यांएवढं, कारण ती साखर कपभर पाण्यात विरघळून पातळ झालेली नसते, थेट जिभेवर असते.

आता हे नीट कसं करायचं ते. आधी चॉकलेट. दुकानात पाकिटावर मोठ्या अक्षरात डार्क लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा. जे सगळ्यात जास्त तेच सगळ्यात आधी लिहितात, त्यामुळे पहिलं नाव साखरेचं असेल तर परत ठेवून द्या. पाम तेल किंवा वनस्पती तेल दिसलं तर ते बहुधा कंपाउंड (कोको बटरऐवजी स्वस्त तेल घातलेलं), केक सजवायला ठीक आहे, पण ते तोंडात विरघळत नाही, मेणासारखं टाळूला चिकटून राहतं. कोको पावडर घेत असाल तर अल्कलाइज्ड किंवा डच प्रोसेस (म्हणजे क्षार वापरून कडूपणा कमी केलेली) लिहिलंय का बघा. ती पावडर दिसायला मस्त काळीभोर असते आणि कडूही कमी लागते, पण त्या प्रक्रियेत फ्लॅव्हनॉल नावाची ज्या द्रव्यांसाठी लोक कोको खा म्हणतात ती बरीचशी उडून जातात. म्हणजे जास्त काळं तेवढं जास्त चांगलं हा गैरसमज आहे.

आणि कृपा करून ८५ पासून सुरुवात करू नका. मी केली होती. फार उत्साहात मोठा बार आणला, घरी सगळ्यांना एकेक तुकडा वाटला, आईने तोंडात टाकला आणि दोन सेकंदांत पदराला काढून ठेवला, म्हणाली, "यापेक्षा काडेचिराईत बरं, निदान त्याने ताप तरी उतरतो." तेव्हा ५५ ने सुरू करा, दोन-तीन आठवड्यांनी ७०, पुढे वाटलं तर वर जा. मी ७० वरच थांबलोय आणि मला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे केरळ, आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागेत कोको लावतात आणि त्या बियांपासून इथेच बार बनवणारी मंडळी आता बरीच झालीत, महाग असतात पण दिवसाला दोन तुकडे म्हटल्यावर एक बार आठवडाभर जातो.

ठेवायचं कुठे, हा आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणून तर ते तोंडात विरघळतं, पण मे महिन्यात नागपूर-जळगावकडे काय, पुण्यातही ते कपाटातच विरघळतं. परत घट्ट झालं की वर पांढरट राख धरल्यासारखी दिसते. ती बुरशी नाही, चरबी वर आलेली असते, खाल्लं तर काही होत नाही, फक्त मोडतानाचा तो कडक 'टक्' आवाज जातो. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण उघडं ठेवलं की दोन दिवसांत शेजारच्या लसूण चटणीचा वास घेऊन बसतं (अनुभव!). खायच्या आधी डबा न उघडता वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर वर पाणी सुटतं आणि थंडगार चॉकलेटला चवही लागत नाही.

कॉफीचं म्हणाल तर महागडं मशीन अजिबात लागत नाही. स्टीलचा दोन मजली साउथ इंडियन फिल्टर आणा. वरच्या भांड्यात तीन चमचे पावडर, चकती हलकेच दाबा, जोरात दाबलीत तर पाणी खाली उतरणारच नाही, उकळी येऊन अर्धा मिनिट थांबलेलं पाणी गोल फिरवत ओता, झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. घरच्या मिक्सरवर अगदी पिठासारखी दळलीत तर भोकं बुजतात, मग चमच्याने टकटक करत बसावं लागतं. माटुंग्याला बिया दळून देणारी जुनी दुकानं आहेत तिथे फिल्टरसाठी म्हणून सांगितलं की बरोबर जाडी देतात. तिथेच विचारतील चिकोरी किती. ८०-२०, ७०-३० म्हणजे कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण. चिकोरी ही भाजलेली मुळी असते, तिच्यात कॅफिन नसतं, दाटपणा आणि कडवट गोडसर चव येते. बिनसाखरेची प्यायची असेल तर मी म्हणेन चिकोरी कमीच किंवा शून्य, कारण चिकोरीचा कडूपणा आणि चॉकलेटचा कडूपणा एकमेकांवर चढतात. दूध घातलं तरी चालेल, मी सकाळची दुधाची आणि दुपारची काळी घेतो.

आता पिण्याची पद्धत, हे वाचून हसाल पण करून बघा. कॉफी चटका बसेल इतकी गरम नको. जिभेचं सोडाच, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली कॉफीला कॅन्सरच्या संशयातून मोकळं केलं आणि त्याच वेळी ६५ अंशांच्या वरचं कुठलंही पेय अन्ननलिकेला बहुधा धोक्याचं म्हणून यादीत टाकलं, मग त्यात चहाही आला. तर पाचेक मिनिटं थांबा. आधी चॉकलेटचा तुकडा कानाजवळ मोडा, चांगलं असेल तर स्वच्छ आवाज येतो. जिभेवर ठेवा, चावू नका. कडा मऊ झाल्या की कॉफीचा छोटा घोट घ्या आणि लगेच गिळू नका, कॉफीच्या उबेने कोको बटर वितळतं आणि कुठलं चॉकलेट, कुठली कॉफी कळेनासं होतं. हा जो एक क्षण असतो ना त्यासाठीच सगळा खटाटोप. दोन वेगळे बार चाखत असाल तर कडू आधी, गोड नंतर, उलटं केलं तर कडू उगाच बदनाम होतं.

वेळेचं जरा सविस्तर सांगतो, कारण तब्येतीचा बराच खेळ इथेच आहे. दिवसभर मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं आणि त्यानेच झोप येते, कॅफिन फक्त त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतं, थकवा तिथेच उभा असतो. आणि ते लवकर उठत नाही, साधारण पाच तासांनी निम्मं होतं. संध्याकाळी पाचला १०० मिलिग्रॅम घेतलंत तर रात्री दहाला ५० आणि पहाटे तीनला २५ शिल्लक. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी रेंगाळतं. माझा शेवटचा कप दोनला. चॉकलेटमध्येही कॅफिन असतं हे मी विसरलो होतो, १०० ग्रॅम डार्कमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम, वर थिओब्रोमिन, कॅफिनचंच भावंड, ते वेगळं. एका रात्री मॅच बघता बघता कॉफी आणि अर्धा बार संपवला आणि अडीच वाजता पंखा मोजत पडलो होतो. दोन तुकड्यांत मात्र जेमतेम ८ मिलिग्रॅम, ते चालतं.

एकूण किती? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० पर्यंत ठीक म्हटलंय, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दिवसाला २००. मोठा मग भरून काळी कॉफी १०० च्या आसपास, इन्स्टंटचा चमचा ६० वगैरे. चहाही यातच मोजायचा बरं का.

जेवणावर कॉफी, हे मात्र आपल्याकडच्या बायकांनी सोडायलाच हवं. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी कमी झालं, चहाने तर ६४. गंमत म्हणजे जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काहीच फरक नाही आणि तासाभराने घेतली तरी तेवढंच नुकसान! म्हणजे हिमोग्लोबिन कमी असेल तर पोह्यांवर लिंबू पिळा आणि कॉफी एक तर तासभर आधी, नाहीतर चांगली दोन तास नंतर. चॉकलेटलाही हाच नियम, पाकिटावर लोह कितीही लिहिलेलं असो.

थायरॉइडच्या गोळीचंही तेच. माझी मावशी कित्येक महिने गोळी कॉफीच्या घोटाबरोबर घ्यायची, "पोटात जाऊन एकच होणार" म्हणून, आणि डोस वाढत चालला होता. डॉक्टरांनी एकदा विचारलं गोळी कशाबरोबर घेता, तेव्हा उलगडा झाला. गोळी साध्या पाण्याने, कॉफी निदान अर्ध्या-एक तासाने. ज्यांना अॅसिडिटी आहे त्यांना रात्री जेवल्यावर कॉफी-चॉकलेट दोन्ही त्रास देतात, कारण दोन्हींनी अन्ननलिकेचं खालचं दार सैल पडतं. ऑक्झलेटचा मूतखडा होऊन गेला असेल तर कोको डॉक्टरांना विचारून. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर उकळलेली किंवा फ्रेंच प्रेसची कॉफी कमी करा, तिच्यातलं कॅफेस्टॉल नावाचं तेल वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, कागदाचा फिल्टर ते अडवतो. स्टीलचा पूर्ण अडवत नाही, हे माझ्या लाडक्या फिल्टरबद्दल नाइलाजाने लिहावं लागतंय. आणि घरात कुत्रा असेल तर चॉकलेट वरच्या कप्प्यात, त्याच्यासाठी ते विषच.

बाकी डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं वगैरे जे फॉरवर्ड येतात त्याचं काय? अमेरिकेत २१ हजारांहून जास्त वयस्कर लोकांपैकी साधारण निम्म्यांना कोकोच्या आणि बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ कॅप्सूल साडेतीन वर्षांवर देऊन बघितल्या, २०२२ मध्ये निकाल आले. हृदयविकाराने मृत्यू २७ टक्के कमी दिसले, पण हार्ट अॅटॅक, स्ट्रोक सगळं मिळून जो मुख्य प्रश्न होता त्यात ठाम फरक निघाला नाही. आणि रोजचा डोस ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलचा होता, कॅप्सूलमधून, साखर-चरबीशिवाय. तेवढं बारमधून घ्यायला गेलात तर किती खावं लागेल विचार करा, १०० ग्रॅमला ६०० कॅलरी असतात. शिवाय २०२२ च्याच डिसेंबरात कन्झ्युमर रिपोर्ट्सने २८ डार्क बार तपासले तर सगळ्यांत थोडं का होईना शिसं आणि कॅडमियम सापडलं. म्हणून मी ब्रँड बदलत राहतो, रोज दोनच तुकडे खातो आणि लहान मुलांना रोज देत नाही.

आई अजून जायफळाचीच पिते, साखर मात्र आता अर्धा चमचा. ५५ टक्केवाला तुकडा तिला चालतो, तो ती कॉफीत बुडवून खाते आणि बुडवू नकोस म्हटलं की म्हणते पारले-जी कसं खातोस मग तू.