साक्षरता वर्ग घ्यायचाय? आधी चष्मे शोधा

'उल्लास'मध्ये, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमात, स्वयंसेवक म्हणून नाव दिलं तेव्हा वाटलं होतं, फळा-खडू मिळाला की झालं. 15 वर्षांवरच्या असाक्षरांना लिहा-वाचायला आणि हिशेब शिकवायचा. मानधन नाही, हे आधीच सांगतो.

8 सप्टेंबरला, साक्षरता दिनी, आम्ही वाजतगाजत प्रभातफेरी काढली. संध्याकाळी वर्गाला आल्या दोघी, त्यातली एक नातवाला शोधत! चूक माझीच होती. सर्वेक्षणात मी दारात उभा राहून चारचौघांत विचारायचो, "घरात कोणाला लिहा-वाचायला येत नाही?" सुनेसमोर कोणती सासू हो म्हणेल?

मग बचतगटाच्या बैठकीत जाऊन गुपचूप बसू लागलो. कर्जाच्या कागदाबरोबर शाईचं पॅड पुढे सरकायचं, तेव्हा बायका पदराआड हसायच्या. एक मावशी म्हणाल्या, "मला नुसती सही शिकव, बाकी काही नको." तिथून सुरुवात झाली. मुळाक्षरं बाजूलाच ठेवली. त्यांच्या नावातला 'सा' त्यांना सातारच्या एसटीच्या पाटीवर दिसला, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला ओढून घेऊन आल्या. पुरुष मात्र वर्गाला फिरकत नाहीत. त्यांना दूध डेअरीवर गाठा. पावतीवरचे लिटर, फॅट, दर वाचायला कोणालाच कमीपणा वाटत नाही.

एक आजी तीन आठवडे 'ब' आणि 'व'मध्ये अडकल्या होत्या. मी मनात म्हणायचो, वय झालं. खरं तर त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. पहिल्याच दिवशी डोळ्यांचं विचारून घ्या.

वेळ त्यांची, आपली नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात 8 मार्च 2016 ला सुरू झालेली आजीबाईंची शाळा दुपारी भरते, कारण तेव्हा घरकाम आटोपलेलं असतं. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर बसायचो. पेरणीच्या दिवसांत वर्ग बंदच ठेवा, उगाच हजेरीसाठी भांडू नका.

शेवटी चाचणी असते : वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण, आणि प्रत्येक भागात 33 टक्के लागतात. 'परीक्षा' हा शब्द मी महिनाभर तोंडातून काढला नव्हता. 17 मार्च 2024 च्या चाचणीला धारा काढून, भाकऱ्या थापून सगळ्या आल्या. आदल्या रात्री चष्म्याची आठवण तेवढी करा. आमच्या दोघी केंद्रावरून चष्म्यासाठी परत घरी गेल्या होत्या.