टेलड्रॅगरची शेपटी एकट्याने उचलता येईल असा स्टँड

पायपर कब, सेसना १८० किंवा आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतलं जुनं पुष्पक, या सगळ्या विमानांना तिसरं चाक, म्हणजे टेलव्हील, शेपटीखाली असतं. अशा विमानाला टेलड्रॅगर म्हणतात. वजन-तोल (वजन आणि गुरुत्वमध्य) काढायचा, होकायंत्र तपासायचं किंवा टेलव्हीलचं बेअरिंग बदलायचं म्हटलं की शेपटी वर घ्यावी लागते. दोघांनी उचलायची आणि तिसऱ्याने खाली ड्रम सरकवायचा, ही सर्रास चालणारी पद्धत. ड्रम कलला की सगळ्यात आधी एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती फळी) वाकतो. इथे दिलेला स्टँड छोट्या फोर्कलिफ्टच्या धर्तीवर आहे: चाकांच्या बैठकीवर उभा खांब, त्यावरून विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर-खाली होणारी बाही आणि बाहीतून पुढे आलेली भुजा, जिच्या टोकावर शेपटी टेकते. वेल्डिंग येणाऱ्याला तो दोन सुट्ट्यांत उभा करता येतो.

कापाकापीआधी दोन गोष्टी समजून घ्या, कारण सगळी मापं त्यांवरच ठरतात.

पहिली गोष्ट, शेपटी सरळ वर जात नाही. मुख्य चाकांच्या आसाभोवती ती कमानीत फिरते. आसापासून टेलव्हील ५ मीटरवर असेल आणि विमान १२ अंश फिरवायचं असेल, तर शेपटी सुमारे १ मीटर वर जाते आणि त्याच वेळी ५ ते १० सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणून उचलताना स्टँडची चाकं मोकळी असलीच पाहिजेत. ब्रेक लावलेला किंवा खडबडीत फरशीत अडकलेला स्टँड पुढे ओढला जातो आणि तिरका होतो.

दुसरी गोष्ट, शेपटी जितकी वर जाते तितकी हलकी होते, कारण गुरुत्वमध्य आसाच्या वर असतो आणि फिरताना पुढे येतो. समजा विमान ५०० किलोचं आहे आणि सपाट स्थितीत गुरुत्वमध्य आसामागे २५ सेंटीमीटरवर आहे. तेव्हा शेपटीवर २५ किलो येतात. तोच गुरुत्वमध्य आसाच्या ६० सेंटीमीटर वर असेल, तर जमिनीवर टेकलेल्या स्थितीत शेपटीवर ३७ किलोच्या आसपास भार असतो. आपल्या विमानाचा आकडा टेलव्हीलखाली घरगुती वजनकाटा ठेवून बघा. काट्याची उंची भरून काढायला गुटके लावत बसू नका, तेवढ्याने फारसा फरक पडत नाही.

आता मापं. खांब रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या हलत्या फळीच्या) मागे येतो, त्यामुळे भुजेची लांबी रडर ठरवतो. शेपटी जमिनीवर असताना रडर मागे झुकलेला असतो. त्याच्या सर्वांत मागच्या टोकापासून ओळंबा सोडा. तिथून टेलव्हीलच्या पट्टीच्या स्प्रिंगपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात १५ सेंटीमीटर मिळवा. साधारण ७० ते ८० सेंटीमीटर येतील. पुढचं सगळं ८० धरून दिलं आहे.

बैठक ४० × ४० × ३ मिमी चौकोनी पाइपची. १२० सेंटीमीटरचे दोन पाय, त्यांच्यामध्ये ६० सेंटीमीटर मोकळी जागा आणि मागे एक आडवा पाइप. टेलव्हील या दोन पायांच्या मधे येतं. पाय भाराच्या जागेपुढे निदान ३० सेंटीमीटर गेले पाहिजेत, नाहीतर स्टँड पुढे उलटतो. चारही कोपऱ्यांना ७५ मिमीचे फिरते, ब्रेक असलेले कॅस्टर (छोटी चाकं) लावा. खांब ५० × ५० × ३ मिमीचा, १७० सेंटीमीटर उंच, आडव्या पाइपच्या मधोमध. त्याला दोन्ही बाजूंनी तिरके आधार द्या. आधी टॅक (ठिपक्यांचा कच्चा वेल्ड) मारा, गुण्या आणि ओळंबा लावून बघा, मगच पूर्ण वेल्ड करा. एकदम वेल्ड केलात तर खांब ओढला जातो आणि सरकता भाग वर जाऊन अडकतो.

खांबावरून वर-खाली होणारी बाही ६० × ६० × ३ मिमी पाइपची. हिची लांबी ३५ सेंटीमीटरपेक्षा कमी करू नका. लोखंड वाचवायला १५ सेंटीमीटरची बाही केली, की भुजेवरच्या भारामुळे ती तिरकी होऊन खांबाला चावते. वर जाताना फक्त जड लागते, खरी अडचण उतरवताना येते. दोर सैल पडतो, बाही जागच्या जागी लटकून राहते आणि मग अचानक निसटते. बाहीत दोन्ही टोकांना नायलॉनच्या पट्ट्या बसवा आणि खांबाला ग्रीस लावा. पाइपच्या आतली वेल्डची शीर आधी कानशीने घासून काढा, ती राहिली तर पट्ट्या बसतच नाहीत. भुजा बाहीच्या खालच्या टोकाला जोडा, म्हणजे ती जमिनीजवळ जाऊन स्प्रिंगखाली शिरते. कोपऱ्यातला तिकोनी तुकडा १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा, मोठा केला तर रडरला लागेल.

भुजेच्या टोकाला स्प्रिंगसाठी खाच लागते. स्प्रिंगपेक्षा जरा रुंद चॅनेलचा तुकडा घ्या, आत ६ मिमी रबर चिकटवा. हा तुकडा भुजेला थेट वेल्ड करू नका, १२ मिमीच्या एका बोल्टवर झुलता ठेवा. शेपटी उचलताना स्प्रिंगचा कोन १२ अंशांनी बदलतो. खाच पक्की असेल तर सगळा भार तिच्या एका कडेवर येतो. वरून एक आडवी पिन घालायची सोय ठेवा, हलकी झालेली शेपटी एखाद्या धक्क्याने खाचेतून उडू नये.

उचलायला हाताने फिरवायचा विंच, आपोआप लागणारा ब्रेक असलेलाच. नुसता कुत्रा (दातेरी चाक अडवणारी खिटी) असलेल्या विंचचा दांडा उतरवताना हातातून सुटला तर मनगट मोडतं. दोर ४ मिमी स्टीलचा, वरची कप्पी ७५ मिमीची, आणि बाही सर्वांत खाली असताना ड्रमवर तीन-चार वेढे उरले पाहिजेत. खांबाला दर ५० मिमीवर १३ मिमीची आरपार भोकं पाडा. हवी ती उंची आली की बाहीखालच्या भोकात १२ मिमीचा बोल्ट घालून भार त्यावर टेकवायचा. विंचवर लटकलेल्या शेपटीखाली कोणी काम करायचं नाही.

विमान लावण्याआधी भुजेवर सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या लटकवा आणि तासभर ठेवा. वेल्डला बारीक चीर दिसते का, खांब झुकतो का, बाही भारासकट सुरळीत उतरते का, हे बघा.

प्रत्यक्ष उचलताना विमान हँगरमध्ये घ्या, वाऱ्यात हे काम नको. मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र) बंद करा, रडर मधोमध बांधा, मुख्य चाकांना पुढून-मागून गुटके लावा आणि चाकांचे ब्रेक सोडा. ब्रेक लागलेले असतील तर विमान फिरताना चाकंही सोबत फिरतात आणि गुटक्यावर चढू लागतात. स्टँडचे कॅस्टर मोकळे ठेवून हळूहळू उचला. विमानाच्या लेव्हलिंग पॉइंटवर (सपाटी तपासायच्या ठरलेल्या जागेवर) पाणसळ धरा आणि सपाट झालं की थांबा. त्यापुढे शेपटी नेऊ नका. बोल्ट घालून झाला की बाहीच्या लगेच वरच्या भोकातही एक बोल्ट घाला, म्हणजे बाही वर सरकणार नाही. मग कॅस्टरचे ब्रेक लावा आणि बैठकीवर वाळूच्या दोन गोण्या ठेवा. शेपटीचे भाग काढायचे असतील तर हे चुकवू नकाच. तिथून १० किलो सामान निघालं, तर स्टँडवरचे २५ किलो १५ वर येतात, आणि त्यात कोणी इंजिनावर ओणवं झालं की विमान नाकावर.

स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा स्थिर पंख) किंवा एलिव्हेटरखाली आधार कधीच द्यायचा नाही. स्प्रिंगच काढायची असेल तर ही खाच निरुपयोगी. तेव्हा शेपटी वर घेऊन विमानाच्या धडाला १० सेंटीमीटर रुंद पट्टा घाला. कापडी विमानात तो नळ्यांच्या सांध्याखाली आणि पत्र्याच्या विमानात बल्कहेडखाली (धडाच्या आतल्या आडव्या चौकटीखाली) यायला हवा. मधे कुठेही लावलात तर कापड फाटतं किंवा पत्रा चेपतो.

वजन घेताना या स्टँडने शेपटी उचला आणि काट्यावर ठेवलेल्या साध्या लाकडी घोडीवर टेकवा. घोडीचं वजन आधी काढून वजा करा. नोंदणीकृत विमानाच्या वजन-तोलाच्या कागदावर सही परवानाधारक इंजिनियरचीच लागते.

उतरवताना आधी बाहीच्या वरचा बोल्ट काढा आणि कॅस्टरचे ब्रेक सोडा, मग विंचने बाही सेंटीमीटरभर उचला आणि खालचा बोल्ट काढा. दोर ताणलेला राहील अशा बेताने दांडा फिरवा. टेलव्हील टेकलं की ते सरळ रेषेत आहे का बघा, आडवं असेल तर थोडं वर घेऊन फिरवा, आणि मगच खाचेची पिन काढा.